परसातला नवरंग

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. पहिल्या पावसाची मजा चाखावी म्हणून आम्ही सहकुटुंब दादरहून वरसाव्याला मावशीकडे गेलो होतो. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि मधून अहोरात्र धावणारा घोडबंदर रस्ता! त्या गजबजाटात मावशीचे बैठे घर आणि परस कसेबसे तग धरून आहे. परसात केळी, जास्वंदी आणि वर्षानुवर्षांचा पाचोळा. तो काढून फरशी बसवायचे मावशीने ठरवले होते. गवंडी सोमवारी यायचा होता.

सकाळी चहा घेताना चिरंजीव ओरडले, "बाबा, हमिंगबर्ड!"

जास्वंदीला शिंजीर लोंबकळत होता. मी म्हटले, "अरे, हमिंगबर्ड अमेरिकेतच सापडतो. हा आपला घरचा शिंजीर."

इतक्यात खिडकीच्या काचेवर काहीतरी धप्पकन आपटले. पाहतो तो पायरीवर एक पक्षी निपचित पडलेला! पाठ हिरवी, पोट बदामी, शेपटीखाली कुंकवाचा लाल, खांद्यावर निळाई, डोळ्यांत जणू काजळ. शेपटी मात्र नावापुरती.

"अगं बाई, नवरंग!" सौभाग्यवती हळहळली.

मांजर टपलेलेच होते. मावशीने चपळाईने बुटाच्या खोक्याला भोके पाडली आणि त्यात पाखरू अलगद ठेवले. पाणी पाजायचा मोह आम्ही आवरला. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती. अंधार आणि शांतता हेच औषध.

हा पाहुणा हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो, पावसाच्या तोंडावर रातोरात उडत विणीसाठी उत्तरेकडे येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला शीळ घालतो, म्हणून तमिळ मंडळी त्याला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात. एवढा प्रवास करून तो आमच्या काचेवर आपटावा! दिवसभर कुणाचे जेवणात लक्ष नव्हते.

संध्याकाळी खोके केळीखाली उघडले. स्वारी क्षणभर थबकली, मग टुणकन बाहेर! पाचोळा उलटून त्याने एक गांडूळ गट्ट केले आणि डोंगराच्या दिशेने भुर्रकन उडाला. थोड्याच वेळात झाडीतून दोन सुरांची शीळ आली. मी घड्याळ पाहिले. सहा कसले, सात वाजत आले होते!

मावशी पदराने डोळे टिपत म्हणाली, "गवंड्याला फोन लाव रे. म्हणावं, फरशी नको. पाहुण्याचं ताट आहे ते."