खर्जातील सूर

माझ्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात एक कॅसेट आहे. ती वाजवण्याचे यंत्र आता माझ्यापाशी नाही. तरी प्रत्येक बदलीच्या वेळी ती माझ्या सामानात असते. एका विद्यार्थ्याने ती मला दिली आणि मी ती तीन वर्षे ऐकली नाही, एवढीच तिची हकिकत. परंतु धर्मगुरू म्हणून मी जे काही थोडे शिकलो, त्यातला एक धडा त्या खणात आहे, म्हणून ही हकिकत आज सांगावीशी वाटते.

२००१ साल होते. नागपुरातील एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. सेमिनरी हिल्सवरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीतले दिवस अजून ताजे होते आणि आपल्याला उपासनाविधीतले सर्व काही कळते अशी माझी समजूत होती. गायकवृंदाची जबाबदारी माझ्याकडे होती. एका शनिवारी सायंकाळी सराव चालू असताना अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा एक तरुण लांबट काळी पिशवी खांद्याला लावून आला. एरवी मिस्सेला तो शेवटच्या बाकावर बसत असे.

"फादर, रविवारी मी तुमच्याबरोबर वाजवू का?"

पिशवीतून चार जाड तारांची बेस गिटार निघाली. सोबत आणलेल्या लहानशा पेटीला त्याने तिची वायर जोडली आणि एक तार छेडली. सूर कानाला लागण्याआधी पायाखालच्या फरशीतून जाणवला. खिडकीची काच थरथरली. गायकवृंदातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि मी लगेच म्हणालो, "अरे, देवळात हे चालायचे नाही."

कारण विचारल्यावर मी त्याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा दाखला दिला. १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लॅटिन ख्रिस्तसभेने पाइप ऑर्गनला मोठा मान द्यावा असे म्हटले आहे. ते खरेच आहे. पण त्याच परिच्छेदात पुढे असेही आहे की, पवित्र कार्याला साजेशी इतर वाद्ये सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीने वापरता येतील. त्याच उत्तरार्धाच्या आधारावर आमच्या देवळात हार्मोनियम आणि ढोलकी वाजत होती. पाइप ऑर्गन तर आमच्याकडे नव्हताच! मी त्या मुलाला पूर्वार्ध ऐकवला आणि उत्तरार्ध गिळला. त्याने वाद घातला नाही. गिटार पिशवीत घातली, "बरं फादर" म्हणाला आणि गेला.

आठवड्याभराने तो पुन्हा आला तो ही कॅसेट घेऊन. 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या वाद्यवृंदाचा 'कंदीसा' हा २०००मध्ये निघालेला संच. "एवढे एकदा ऐका, फादर. यात आपलेच एक गाणे आहे." लांब केसांच्या या दिल्लीकर मंडळींपाशी आपले काय असणार, असा विचार करून मी कॅसेट खणात टाकली. पुढे तो मिस्सेला येत राहिला. सरावाला मात्र कधीच आला नाही.

२००४च्या मे महिन्यात माझी बदली झाली. खण रिकामे करताना कॅसेट हाती आली. दुपारची वेळ, बाहेर नागपूरचे ऊन, मिस्सेला अजून तीन तास अवकाश. केवळ करमणूक म्हणून मी ती लावली. गिटार, तबला, ढोल यांचे काही वेळ कानावर येत होते ते मी अर्धवट लक्ष देऊन ऐकत होतो. मग एक संथ, सामुदायिक आलाप सुरू झाला आणि त्यातले शब्द ओळखीचे वाटू लागले. भाषा मला येत नव्हती. अर्थ मात्र कळत होता. हातातली पुस्तके मी खाली ठेवली.

ती केरळमधील सिरियन ख्रिस्ती बांधवांची प्राचीन प्रार्थना होती. देवाला पवित्र, सामर्थ्यवान आणि अमर म्हणून हाक मारायची आणि त्याच्यापाशी दया मागायची, असे तिचे स्वरूप. तीच प्रार्थना आपल्या लॅटिन विधीत पवित्र शुक्रवारी क्रुसाच्या आराधनेच्या वेळी ग्रीक आणि लॅटिन भाषांत गाण्याची जुनी परंपरा आहे. सिरियाक भाषेतल्या 'कद्दीशा' म्हणजे पवित्र या शब्दाचे मलबारच्या उच्चारात 'कंदीशा' झाले आणि त्यावरून हे नाव. सिरियाक ही अरामी भाषेची शाखा. आणि अरामी म्हणजे प्रभू येशूच्या घरातली बोली. सेमिनरीत या प्रार्थनेचा इतिहास मी परीक्षेसाठी पाठ केला होता. प्रभूच्या बोलीशी इतके जवळचे नाते असलेल्या शब्दांत ती मला प्रथम ऐकवली ती ख्रिस्ती नसलेल्या वादकांनी, आणि तीही मी नाकारलेल्या मुलाच्या हातून!

त्या दिवसापासून मी त्या वाद्यवृंदाविषयी मिळेल ते वाचू लागलो. सुश्मित सेन हे गिटारवादक आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती यांनी १९९०मध्ये त्याची स्थापना केली. दुसऱ्या वर्षी राहुल राम बेस गिटार घेऊन आले, १९९४मध्ये ढोलवादक अमित किलम. लांबलचक रचना, बदलत जाणारे ताल, लोकगीत आणि शास्त्रीय राग यांची सरमिसळ, यांमुळे त्यांना कोणी प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणते, कोणी फ्यूजन. नाव काहीही द्या. कबीराच्या वाणीपासून गोरख पांडे यांच्या कवितेपर्यंत सर्वांना त्यांच्या गाण्यात जागा आहे.

मला विशेष कुतूहल वाटले ते राहुल राम यांचे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतल्यावर प्रयोगशाळेऐवजी ते नर्मदा बचाव आंदोलनात गेले. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. ती सारी सातपुड्यातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची. त्यांतले मणिबेली हे पहिले. त्या खोऱ्यातल्या माणसांत राहून राहुल राम यांनी जे ऐकले, त्यातून 'मा रेवा' हे नर्मदेचे लोकगीत या संचात आले. रेवा हे नर्मदेचेच दुसरे नाव. या कॅसेटवर एका बाजूला मलबारच्या देवळातली प्रार्थना आहे आणि तिच्या सोबतीला बुडणाऱ्या गावांची नदी. दोन्हींच्या तळाशी तोच चार तारांचा सूर.

आता थोडे त्या सुराविषयी. बेस गिटारच्या तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावलेल्या असतात. आपल्या संगीतात ज्याला खर्ज म्हणतात, तो तिचा मुलूख. मैफलीत तानपुऱ्याला कोणी टाळ्या देत नाही. पण तो थांबला तर गाणारा निराधार होतो. बेसचे काम काहीसे तसेच, शिवाय तालाचा आणि सुराचा सांधा जुळवण्याचे. इंग्लंडमधल्या 'येस' या १९६८साली स्थापन झालेल्या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे बेसवादक ख्रिस स्क्वायर लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गात असत. वाद्यवृंदात माणसे आली, गेली, पुन्हा आली. २०१५मध्ये मृत्यू येईपर्यंत स्क्वायर मात्र आपल्या जागी उभे होते. संत पौल करिंथकरांना लिहितात की, शरीराचे जे अवयव दुर्बळ भासतात तेच आवश्यक असतात. या वचनावर मी किती प्रवचने दिली असतील! त्याचा दृष्टांत खांद्याला पिशवी लावून दारात आला होता आणि मी त्याला परत पाठवले होते.

तो मुलगा पुन्हा भेटला तो २००९च्या नाताळात. शिक्षण संपवून तो पुण्यात नोकरीला लागला होता आणि सणासाठी घरी आला होता. २५ डिसेंबरच्या रात्री माझा पत्ता शोधत तो माझ्या नव्या धर्मग्रामात आला. नाताळच्या शुभेच्छा द्यायला आला असेल असे मला वाटले. तो म्हणाला, "फादर, असीमदा गेले. आजच." हृदयविकाराने असीम चक्रवर्ती यांचे दिल्लीत निधन झाले होते. अंगणातल्या गोठ्यावरचे दिवे लुकलुकत होते आणि तिशीकडे झुकलेला तो तरुण घरातले माणूस गेल्यासारखा रडत होता. मग त्याने भीत भीत विचारले, "ते ख्रिस्ती नव्हते. त्यांच्यासाठी मिस्सेत प्रार्थना करता येईल का?"

या वेळी मी वाक्य अर्धे तोडले नाही. ज्यांच्या श्रद्धेचा साक्षी केवळ परमेश्वर आहे, अशा मृतांचेही स्मरण ख्रिस्तसभा आपल्या वेदीवर करते, हे मी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी संत स्तेफनच्या सणाला सकाळच्या मिस्सेत मी असीम चक्रवर्ती यांचे नाव घेतले. तो पहिल्या बाकावर होता. मिस्सेनंतर मी त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "फादर, कॅसेट ऐकली ना? झालं तर." मात्र देवळात वाजवशील का, या प्रश्नावर त्याने मान हलवली. "आता सवय राहिली नाही." क्षमा मिळते, वाचकहो, पण गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

तरुणांचे कलावंतांवरचे वेड पाहून आपण वडीलधारी मंडळी चिंतित होतो. मूर्तिपूजा वगैरे मोठे शब्द आपल्या ओठांवर येतात. तो धोका नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्या मुलाच्या प्रेमात मी मूर्तिपूजा पाहिली नाही. भित्तिचित्रे, सह्या यांचा त्याला सोस नव्हता. एखादी रचना शंभर वेळा ऐकून तिच्या तळाशी कोण काय करतो आहे हे तो शोधत असे, आणि जे सापडले ते दुसऱ्याला द्यावेसे त्याला वाटे. २०१३मध्ये सुश्मित सेनही वाद्यवृंदातून बाहेर पडले. तरी नव्या साथीदारांचे गाणे तो तितक्याच आपुलकीने ऐकत राहिला. आपले प्रेम एखाद्या चेहऱ्यावर आहे की त्या चेहऱ्यामागच्या सुरावर, याची ही कसोटी म्हणावी. आपल्या धर्मग्रामात एक धर्मगुरू जाऊन दुसरा येतो तेव्हा आपणही तिला उतरतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

परवा माझ्या सध्याच्या धर्मग्रामातील दोघी बहिणी मला भेटायला आल्या. थोरलीच्या खांद्यावर लांबट काळी पिशवी होती. "फादर, रविवारी..." एवढेच ती बोलली असेल. मी म्हटले, "शनिवारी सहाला सराव आहे. बाकीचे काय गातात ते आधी नीट ऐक, मग वाजव."

ती शनिवारी आली. खिडकीची काच थोडी थरथरली. गायकवृंदाने माझ्याकडे पाहिले. मी गाण्याच्या वहीत पाहिले.