परसातले कारंजे

पुण्यातील एका जुन्या पेठेत एक घर आहे. घरामागे बारा फूट लांब व दहा फूट रुंद असे लहानसे परस. एका कडेला तुळशीवृंदावन, भिंतीलगत जास्वंद आणि कर्दळ, मधोमध तीन फूट रुंदीची जुनी दगडी डोणी. एवढेच त्याचे वैभव. या डोणीत एक कारंजे करावे, असे आजोबांच्या मनात फार दिवस होते. वार्षिक परीक्षा संपली आणि सातवीतला नातू त्यांच्या मदतीस आला.

नातवाने नुकतेच शनिवारवाड्यातील हजारी कारंजे पाहिले होते. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, तरी कारंज्याचे सोळा पाकळ्यांचे दगडी कमळ अजून तेथे आहे. "आजोबा, आपले कारंजेही माणसाच्या डोक्यावरून उडाले पाहिजे!" तो म्हणाला.

आजोबा हसले. "उडेल की! पण त्या काळी विजेचे पंप नव्हते. मग पाणी वर कसे उडत असेल?"

नातू गप्प राहिला. तेव्हा आजोबांनी त्याला कात्रजच्या तलावाची हकीकत सांगितली. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, शहराच्या दक्षिणेकडील डोंगराच्या पायथ्याचे पाणी नळाने पुण्यात आणले गेले. ते कोणी ओढले नाही की ढकलले नाही. केवळ उतारावरून ते चालत आले. "पाणी जेवढ्या उंचीवरून येते, तेवढेच वर चढू पाहते. त्याहून तसूभरही अधिक नाही," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रयोग झाला. पंधरा लिटरची बादली जिन्यावर, डोणीपासून सहा फूट उंच ठेवली. तिला रबरी नळी जोडून नळीच्या टोकाला बारीक तोटी बसवली. धार उसळली, पण सहा फूट काही गेली नाही. नळीच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात तिचे बळ थोडे खर्ची पडले. तरीही नातू आनंदाने नाचू लागला. सात-आठ मिनिटांत बादली रिकामी झाली. तो पुनःपुन्हा डोणीतले पाणी भरून जिना चढू लागला. चौथ्या खेपेला त्याचे हात भरून आले आणि डोणीत तर भरण्यापुरतेही पाणी उरले नाही! उंच धार वाऱ्याने वाकून फरशीवर पडत होती.

आई दारात उभी होती. उन्हाळ्यामुळे नळाला सकाळी तासभरच पाणी येई. ती रागावली नाही. ओल्या फरशीकडे पाहत एवढेच म्हणाली, "एवढ्यात संध्याकाळची भांडी झाली असती."

नातवाचा चेहरा उतरला. "मग कारंजे नकोच," तो पुटपुटला.

"कारंजे हवे, पण डोणीला साजेसे हवे," आजोबा म्हणाले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. धारेची उंची डोणीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक नसावी. म्हणजे दीड फूट पुरे. त्यासाठी बादली फार वर न्यावयास नको. पाणी डोणीतच पडेल आणि पुन्हा वापरता येईल. वारा असेल त्या दिवशी कारंजे बंद. डास होऊ नयेत म्हणून दर आठवड्याला डोणी घासावयाची आणि ते पाणी झाडांना घालावयाचे.

"बाजारात छोटा पंप मिळतो ना?" नातवाने विचारले.

"मिळतो. तो तुझ्याऐवजी जिना चढतो, इतकेच. त्याची मजुरी विजेच्या बिलात द्यावी लागते. पण आधी तू हाताने चढवलेस, म्हणून आता तुला त्या मजुरीची किंमत कळेल."

आता रोज संध्याकाळी बादलीभर पाण्याचे कारंजे बारा मिनिटे चालते. ते थांबले, की डोणीच्या काठावर बुलबुल येऊन बसतात आणि चोची बुडवतात. परवा शेजारचा मुलगा पाहावयास आला. "एवढेसेच उडते?" त्याने विचारले.

नातवाने रिकामी बादली त्याच्या हाती दिली. "तू भरून वर ने. मग सांग, एवढेसे आहे का ते."