केशरची अंडी

केशर आमच्या लेस्टरच्या घरी आली ती पूर्ण वाढलेलीच. गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून आम्ही तिला काचेच्या पेटीसकट घेतलं. कॉर्न स्नेक ही अमेरिकेच्या आग्नेय भागातली बिनविषारी जात. अंग नारिंगी, त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके, स्वभाव शांत. इंग्लंडमध्ये ती पाळायला परवाना लागत नाही.

वसंतात तिने खाणं सोडलं. शेपटीकडचा पोटाचा भाग फुगला आणि मग तिने कात टाकली. आमच्याकडे नर नव्हता, पण आधीच्या घरी होता, आणि सापाची मादी नराचं बीज कित्येक महिने शरीरात राखून ठेवू शकते. या काती­नंतर साधारण १० दिवसांत अंडी येतात. म्हणून एका डब्याला तिला शिरता येईल एवढं भोक पाडलं, आत ओलसर शेवाळ भरलं आणि डबा पेटीत ठेवला. एका सकाळी आत पांढऱ्या, मऊ, चामड्यासारख्या कवचाच्या अंड्यांचा एकमेकांना चिकटलेला घोस दिसला.

त्याच दिवशी घरात गंभीर बोलणं झालं. पिल्लं नको असतील तर अंडी लगेच गोठवायची, हा इथे रुळलेला मार्ग आहे. उशीर केला तर आतला जीव वाढू लागतो. बेघर प्राण्यांच्या इथल्या निवाऱ्यांत कॉर्न स्नेक नेहमी येतात, आणि परक्या जातीचा प्राणी मोकळा सोडणं १९८१च्या कायद्यानं गुन्हा आहे. साप पाळणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी फोन केले. पिल्लं सांभाळू म्हणणारे पुरेसे लोक मिळाले, तेव्हाच अंडी उबवायचं ठरवलं.

शिराळा तालुक्यातून आईचा फोन आला. नागपंचमीला तवा न ठेवणारी, काही न चिरणारी माझी आई अंड्यांचं ऐकून हरखली. म्हणाली, “रोज फिरवतीस न्हवं? कोंबडी बघ, चोचीनं सारखी फिरवती.” सापाच्या अंड्याचं नेमकं उलटं असतं. आतला गर्भ लवकरच कवचाच्या वरच्या बाजूला लागून स्थिरावतो. अंडं उलटलं तर तो वरच्या पिवळ्या बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मी पेन्सिलीनं हलकी खूण केली आणि अख्खा घोस होता तसाच उचलून ठेवला. सुटी करायच्या नादात कवच फाटतं.

उबवणीच्या डब्यात व्हर्मिक्युलाइट घातलं होतं. बागकामाच्या दुकानात मिळणारं हे हलकं खनिज पाणी धरून ठेवतं. त्यात वजनाला वजन पाणी कालवायचं. मूठ आवळली तर थेंब गळता कामा नये. उबवणीपेटीचा थर्मोस्टॅट २८ अंशांवर लावला. कासवाच्या किंवा मगरीच्या अंड्यांत उबेवर नर-मादी ठरते, सापात तसं नसतं. पण उष्णता फार झाली तर पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्यायची, बस. अंधारात टॉर्च लावला की कवचाआड लाल शिरांचं जाळं दिसायचं. एक अंडं पिवळं पडलं, त्यावर बुरशी आली. तेही काढलं नाही, कारण जिवंत अंड्याला शेजारची बुरशी सहसा बाधत नाही.

केशरनं मात्र त्या अंड्यांकडे पुन्हा पाहिलं नाही. तिच्या जातीत आई अंडी राखत नाही. आपल्या पश्चिम घाटातली नागराजाची मादी पाचोळ्याचं घरटं करून राखण करते, अजगराची मादी वेटोळ्यात अंडी धरते. केशर खंगली होती, तिला आधी लहान, मग नेहमीची भक्ष्यं दिली. त्या दिवसांत माझी खरी काळजी तिचीच होती.

दोन महिने होत आले तशी अंडी किंचित चेपली. शेवटी शेवटी असं होतंच; सुरुवातीलाच झालं तर ओल कमी पडली समजावं. मग कवचांवर चिरा दिसू लागल्या. पिल्लाला नाकाच्या टोकाशी तेवढ्यापुरता एक दात असतो, त्यानं ते कवच कापतं. डोकं बाहेर काढून पिल्लं तासन्‌तास तशीच बसली होती, कारण उरलेला बलक तेव्हा पोटात शोषला जात असतो. माझ्या मुलाला मी हात लावू दिला नाही. ओढून काढलेलं पिल्लू दगावू शकतं. एकेक बाहेर आलं ते पेन्सिलीएवढं जाड. प्रत्येकाला वेगळा डबा दिला, आठवड्याभरानं पहिली कात पडल्यावर उंदराचं डोळे न उघडलेलं पिल्लू खायला दिलं. नीट खाऊ लागलेलीच पिल्लं नव्या घरी पाठवली.

भारतात मात्र आपल्याकडचा साप घरात पाळू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मनाई आहे. नांगरताना किंवा पाया खणताना अशी अंडी उघडी पडली, तर ती उलटसुलट करू नका, धुऊ नका. आहेत तशीच झाकून ठेवा आणि वनविभागाला किंवा त्यांच्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवा.