मु. पो. ता. जि.

भाचीने लॅपटॉप झोपाळ्यावर ठेवला आणि विचारलं, "मावशी, इथे रस्त्याचं नाव लिहायचंय. काय लिहू?"

बहिणीच्या घराकडे जाणारी वाट म्हणजे दोन गडग्यांमधून खाली उतरणारी जांभ्याची पाखाडी. तिला नाव नाही. पत्र येतं ते वाडीच्या नावाने, आणि पुढे मु. पो. ता. जि. एवढं असलं की पोस्टमनला पुरतं. आम्ही रस्त्याच्या जागी वाडी लिहिली. घर क्रमांकासाठी ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती शोधावी लागली, ती देव्हाऱ्याखालच्या डब्यात सापडली.

अर्ज स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठाचा होता, मत्स्यसंवर्धनाच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी. मुलगी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे महाविद्यालय 1981 पासून रत्नागिरीच्या कुशीत आहे, आणि मासळीवर जगणाऱ्या या गावाने त्याचा जेवढा अभिमान बाळगायला हवा तेवढा तो बाळगत नाही, असं मला नेहमी वाटतं. आधी तिच्या मनात नॉर्वे होतं. पण तिथल्या सरकारी विद्यापीठांनी 2023 पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली, आणि ते स्वप्न तिने एका संध्याकाळी गुपचूप मिटून ठेवलं.

मग नावाचे रकाने आले. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिलं, मग तिचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर तिचं आणि वडिलांचं नाव एकाच ओळीत, आडनाव वेगळं. म्हणजे तिकडून येणाऱ्या पत्रात तिला बापाच्या नावासकट हाक मारली जाणार. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नावही घातलं आहे, मुलाच्या नावानंतर आणि वडिलांच्या आधी. ही मुलं वीस वर्षांनी असे अर्ज भरतील तेव्हा मधल्या नावाचा रकाना त्यांना अपुरा पडेल. आणि आडनावात तर आपल्याकडे अख्खं गाव असतं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे घ्या. सकपाळ घराण्यातल्या रामजींनी मुलाच्या शाळेत गावावरून आंबडवेकर असं नाव लावलं. पुढे त्याचं आंबेडकर झालं, आणि 1913 साली आपल्याच जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावाची खूण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या दप्तरात गेली.

बाबासाहेबांच्या हातात तेव्हा बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं; बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. त्याआधी 1896 साली दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि 1899 साली सीनियर रँग्लर होऊन सगळ्या हिंदुस्थानाला थक्क करून गेले. देणारा कोण, हे त्या दोघांच्या बाबतीत एका वाक्यात सांगता येत होतं. आम्हाला ते सांगताना तीन महिने गेले.

भाचीच्या वडिलांची हापूसची कलमं आहेत, चांगली जुनी, धरती. पण सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली चार माणसं आता हयात नाहीत आणि वारसनोंद राहिलेली. दोघे विरारला, एक बडोद्याला, आणि एका चुलत आत्याचा ठावठिकाणा कुणालाच नाही. गणपतीला या सामाईकपणाचं केवढं सुख असतं! घर भरतं, आरतीला ओटी पुरत नाही. कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेच्या टेबलावर मात्र त्याच सतरा नावांकडे बघून समोरच्या माणसाने कागद परत सरकवला. एवढंच नाही, शेतजमीन तारणाला चालतच नाही, बिनशेती मिळकत हवी, आणि तीही एकाच्या नावावर. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागतं. परदेशातलं एक वर्ष त्याच्या कितीतरी वर जातं.

आणखी एक अट होती. व्हिसासाठी फी आणि नऊ महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात सलग 28 दिवस दिसली पाहिजे. आंब्याचा पैसा ज्याने पाहिलाय त्याला यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. वाशीच्या व्यापाऱ्याची उचल आधीच फवारणीत जिरलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत पट्ट्या येतात, त्या सोसायटीच्या कर्जात, गड्यांच्या मजुरीत आणि लाकडी पेट्यांच्या बिलात जातात. 28 दिवस एका जागी बसून राहणारा पैसा आमच्या बागायतीत पिकत नाही. हे घर गरीब नाही. त्याची श्रीमंती कधी एका दिवशी, एका खात्यात, एका नावावर उभी राहत नाही, इतकंच.

मी म्हणाले, माझी पुंजी आहे, ती दाखवू. तर नियमात तेही बसेना. पैसा स्वतःचा किंवा आईवडिलांचा हवा. माय मरो पण मावशी उरो असं म्हणणाऱ्या मुलखात राहून मावशीचे पैसे परके ठरतात हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले. शेवटी नाचणे रोडवरचा माझा ब्लॉक मी तारण ठेवला आणि कर्ज तिच्या नावावर निघालं. म्हणजे मावशी कागदाच्या मागच्या बाजूने आत गेली.

शिफारसपत्रांचं मी फार सांगत नाही. दोन सरांनी आपणहून, मनापासून लिहिली.

खरी कसोटी लागली ती "हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे" या प्रश्नाला. तिने पहिल्यांदा लिहिलं होतं की लहानपणापासून समुद्राचं आकर्षण आहे, या क्षेत्रात काही भरीव करायचं आहे. वाचून मला वाईट वाटलं. ते वाक्य कुणाचंही असू शकतं. मी तिला म्हटलं, "बाय, लॅपटॉप बंद कर आणि मला सांग."

मग ती आजीबद्दल बोलायला लागली. तिची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, आयुष्यभर भाट्याच्या खाडीत कालवं काढत आल्या. त्यांना घड्याळ लागत नाही. तिथी सांगा, त्या पाण्याची वेळ सांगतात. उधाणाच्या सुकतीला कोणता खडक उघडा पडेल आणि भांगाच्या दिवसांत कुठे पाऊलही टाकायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. पूर्वी त्यांची टोपली एका सुकतीत भरायची, आता तीन-तीन सुकत्या जातात. का, ते त्यांना माहीत नाही, आणि भाचीलाही नाही. कॉलेजात असताना तिने जुन्या शिंपांच्या माळा दोरीला बांधून खाडीत सोडल्या होत्या. कालवाचं पिल्लू आधी पाण्यात तरंगत फिरतं आणि कठीण जागा मिळाली की जन्मभरासाठी तिथेच चिकटतं. त्याला जागा देऊन पाहायची होती. काही माळांवर बी धरलं, काहींवर फक्त गाळ बसला. तो फरक कशाने पडला, याचं उत्तर तिला हवं आहे.

"हेच लिही," मी म्हणाले.

"पण यात माझं काय आहे? हे तर आजीचं."

त्या रात्री मी तिला आनंदीबाई जोशींच्या पत्राबद्दल सांगितलं. 1883 साली, अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी अमेरिकेत पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात ते आजही जपलेलं आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी सरळ कबूल केलं. आपली माणसं आणि आपली जात विरोधात असताना ज्या निश्चयाने इथवर आले, तो निश्चय जमेस धरा, असं सांगितलं. आणि कारण काय दिलं? पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायका. त्या बायका पत्रात होत्या, म्हणून त्यातला "मी" एवढा ताठ उभा राहिला, असं मला वाटतं. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या.

भाची काही बोलली नाही. पहाटे उठले तेव्हा तिच्या खोलीत दिवा होता. नव्या मजकुराची सुरुवात आजीच्या टोपलीपासून होती, आणि "मी" पहिल्यांदा आला तो थेट चौथ्या वाक्यात, शिंपांच्या माळा सोडताना.

अर्ज गेला तेव्हा आजी ओटीवर बसल्या होत्या. कुठे चाललीस, किती लांब, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "बाय, तिथं भरती-सुकती असते ना?"

भाचीने शोधलं. विद्यापीठाच्या गावाजवळून फोर्थ नावाची नदी वाहते आणि समुद्राची भरती तिच्यातून पार स्टर्लिंगपर्यंत चढते.

"असते गं आजी."

"मग बरं," आजी म्हणाल्या, आणि टोपली घ्यायला उठल्या. पाणी उतरायची वेळ झाली होती.