रीपर ठेवू की काढू?

रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची चाचणीची मुदत ६० दिवसांची. ती संपली तरी ते बंद पडत नाही; उघडताना पैशांची आठवण करून देणारी खिडकी येते, काही सेकंद थांबायचं, की पुढे सगळं चालू. विनॲम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं हे काम. घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. म्हणजे कुलूप नाही, नुसती भीड. आणि मराठी माणसाला तीच जास्त छळते!

आवाज टिपण्यापुरती फुकटातली ऑडॅसिटी पुरते. पण मला तानपुरा, पेटी आणि गाणं वेगवेगळ्या ट्रॅकवर हवं असतं, आणि हेडफोनमधून स्वतःचाच आवाज उशिरा आला की तान अडखळते. ४४,१०० हर्ट्‌झला बफर १०२४ नमुन्यांचा ठेवला तर तिथेच सुमारे २३ मिलिसेकंद जातात. १२८ वर आणला की उशीर ३ च्या आत, पण जुना लॅपटॉप चरचरू लागतो. सध्या २५६ वर तह झालाय.

खरी कुरबुर वेगळीच. चुकलेली जागा कापून दुसऱ्या वेळची चांगली जागा बेमालूम चिकटवता येते. विलंबितात असं केलं की सम बिनचूक येते, पण तिच्याकडे जाण्यातली धाकधूक नाहीशी होते. आजचा यमन ऐकताना हे फार खटकलं. तेव्हा जोडकाम फक्त मुलांच्या नाटकांच्या पार्श्वसंगीतापुरतं. रियाज एका दमात, खोकल्यासकट.

रीपरचे पैसे मात्र भरायचे. पेटीच्या भात्याची दुरुस्ती पुढच्या महिन्यात बघू.