दिल्लीजवळचे बरण्यांचे गाव : खुर्जा

बदली होऊन दिल्लीला आलेल्या मराठी घरात पहिल्या उन्हाळ्यात एक अडचण हमखास उभी राहते. मे-जूनमध्ये मंडईत रामकेला कैऱ्यांचे ढीग लागतात, खारी बावलीतून हळद, मेथी, हिंग आणता येतो, मोहरी तर उत्तरेत हवी तेवढी. पण लोणचे घालायचे कशात? आजीच्या हातची बरणी पुण्याला किंवा नागपूरला माळ्यावरच राहिलेली असते. सामानाच्या ट्रकमधून चिनी माती न्यायची हिंमत कोणी करत नाही. मग प्लॅस्टिकच्या डब्यावर वेळ भागवली जाते आणि दोन महिन्यांत लोणच्याला डब्याचा आणि डब्याला लोणच्याचा वास लागतो. अशा वेळी शेजारची पंजाबी नाहीतर उत्तर प्रदेशी गृहिणी एकच नाव सांगते, ते म्हणजे खुर्जा.

खुर्जा हे उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यातले गाव. हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. दिल्लीहून अंतर सुमारे ८५ ते ९० किलोमीटर. रस्त्याने गाझियाबाद, बुलंदशहर करत जाता येते. रेल्वेने गेल्यास दिल्ली-अलीगढ मार्गावरच्या खुर्जा जंक्शनला उतरायचे. गाव तिथून थोडे आत आहे. ताजमहाल पाहायला जाणारे लाखो लोक खुर्ज्याच्या आजूबाजूने निघून जातात, पण इथे थांबावे असे फारसे कोणाला वाटत नाही. गाव दिसायला देखणे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. धुळीचे रस्ते, उघडी गटारे, हातगाड्यांची गर्दी. मात्र त्या गर्दीतून अचानक घरांच्या वर विटांची गोल, बाटलीच्या आकाराची धुराडी दिसू लागतात. त्या जुन्या भट्ट्या. त्यांच्या पायथ्याशी गवतात रचलेल्या कपबश्या, कुंड्या, बेसिने आणि बरण्या दिसल्या की आपण योग्य जागी आलो याची खात्री पटते.

गंमत अशी, की मातीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात त्या कामाला लागणारी माती नाही. चिकणी माती येते राजस्थानातून, विशेषतः बिकानेरकडून. गारगोटी आणि फेल्डस्पार हेही बाहेरूनच. मग हा धंदा इथे आला कसा? जाणकार म्हणवणारे तैमूरलंगाच्या स्वारीची गोष्ट सांगतात. त्याच्या सैन्यातले काही कुंभार इथे मागे राहिले म्हणे. दुसरे काही जण मोगलांच्या काळी मुलतानहून आलेल्या कुंभारांचे नाव घेतात. या दंतकथा बाजूला ठेवल्या, तरी आजच्या उद्योगाला खरे वळण मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने इस्पितळांना लागणारी भांडी बनवण्यासाठी इथे कारखाना काढला. युद्ध संपले, कारखाना बंद पडला, पण शिकलेले हात गावातच राहिले. पुढे सरकारी केंद्राने त्यांना तयार माती आणि भट्टीची सोय करून दिली. १९८१ पासून काच व सिरॅमिक संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेची शाखाही इथे आहे. ‘खुर्जा पॉटरी’ला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मराठी वाचकाला इथे आणखी एक नाव आठवायला हरकत नाही. बरण्यांचे दुसरे मोठे ठिकाण म्हणजे सौराष्ट्रातले थानगड. तिथल्या चिनी मातीच्या उद्योगाचा पाया घातला तो परशुराम गणपुले या मराठी माणसाने. म्हणजे आपल्या माळ्यावरची बरणी उत्तरेची नसली, तर बहुधा तिकडची असते.

कारखान्यात शिरले की आधी ऐकू येतो तो दळणाचा आवाज. मोठ्या फिरत्या पिंपांत दगडगोट्यांसह माती आणि भुकटी तासन्‌तास दळली जाते. मग ते पांढरट पातळ मिश्रण गाळून, दाबून त्याचे गोळे करतात, किंवा पातळच ठेवून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओततात. साचा पाणी शोषून घेतो आणि त्याच्या आतल्या बाजूला मातीची साय धरते. हवी तेवढी जाड साय झाली की उरलेले पाणीदार मिश्रण ओतून टाकायचे. ओली बरणी इतकी नाजूक असते, की कारागीर तिला तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी उचलतो. सावलीत वाळली की काचेसारखा थर देणाऱ्या मिश्रणात ती बुडवतात. आधी सगळी पांढऱ्यात, मग खांद्यापर्यंत उलटी करून तपकिरी किंवा मोहरी रंगात. आपल्या ओळखीची ती दुरंगी बरणी अशी तयार होते. त्यानंतर भट्टी. जवळजवळ १२०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत मातीचे कण वितळून एकमेकांना धरतात आणि तिची छिद्रे बुजतात. वाळताना आणि भाजताना बरणी सुमारे दहावा हिस्सा आक्रसते. म्हणून झाकण नेहमी त्याच बरणीचे घ्यावे. दुकानदाराने दुसऱ्याच ढिगातले झाकण बसवून दिले, तर ते डगमगतेच.

छिद्रे बुजण्यातच बरणीचे सारे मोल आहे. साधा माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते. त्याच माठात लोणचे घातले, तर मीठ आणि तेल भिंतीतून बाहेर येईल आणि माठावर पांढरी खार फुटेल. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम यांना आंबट चालत नाही. काच चांगली, पण उजेड आत येऊ देते आणि दिल्लीच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लवकर तापते. जाड भिंतीची, अपारदर्शक, आंबट-खारटाला दाद न देणारी बरणी मात्र निमूटपणे आपले काम करते.

या निमूटपणाची किंमत कळायची असेल, तर युरोपातल्या ओकच्या पिंपांकडे पाहावे. तिथे द्राक्षाचा रस आंबवून लाकडी पिंपात मुरवतात. फ्रान्समधल्या बोर्दोचे नेहमीचे पीप २२५ लिटरचे. हौशी लोक वीस-वीस लिटरची छोटी पिंपे घेतात आणि मग फसतात, कारण लहान पिंपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श दुपटीहून अधिक होतो. लाकडाचा वास आणि तुरटपणा झपाट्याने उतरतो. नव्या पिंपात आधी पाणी भरून फळ्या फुगू द्याव्या लागतात, ते रिकामे ठेवता येत नाही, लाकडातून थोडी हवा आत जाते, थोडे द्रव उडून जाते. तीन-चार वर्षांत लाकडाची चव संपते. थोडक्यात, ते पीप पदार्थाला आपला स्वभाव देते. बरणी काहीच देत नाही. जॉर्जिया देशात मात्र आजही जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन करतात. २०१३ मध्ये युनेस्कोने त्या पद्धतीची वारसा म्हणून नोंद केली. आपल्याकडे वसईच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळासाठी मनुका-द्राक्षे मुरवली जात, तीही लाकडात नव्हे, चिनी मातीच्या बरणीतच. (परवान्याशिवाय मद्य बनवायला आपल्याकडे कायद्याची मनाई आहे, हे सोबत लक्षात ठेवावे.)

बरणी कशी निवडावी?

खुर्ज्याच्या दुकानांत गेले, की डोळे दिपतात. निळी फुले, मोर, वेलबुट्टी. पण लोणच्यासाठी जाणाऱ्याने साध्या बरणीकडे वळावे. रंगीत नक्षी बाहेरून असली तर हरकत नाही. आतली बाजू पांढरी किंवा एकरंगी, गुळगुळीत हवी. कमी उष्णतेवर भाजलेल्या भडक रंगांच्या लेपात कधी कधी शिसे असते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतो. शोभेची भांडी ती शोभेचीच. शंका आली, तर दुकानदाराला हे भांडे खाण्याच्या पदार्थासाठी आहे का, असे स्पष्ट विचारावे. घरी आणल्यावर आत लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहावी. सकाळी तेवढ्या जागेची चकाकी गेली, तर ती बरणी फुलांसाठी ठेवून द्यावी. चकाकी टिकली म्हणजे शिसे नाहीच, असा मात्र अर्थ होत नाही. म्हणून साधी बरणीच बरी.

मग टिचकी. बरणी एका हाताच्या तळव्यावर तोलून बोटाने टिचकी मारली, की घंटेसारखा खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो. उन्हात तोंड करून आत डोकवावे. केसासारख्या रेघा, टाचणीएवढी भोके, लेप न लागलेले डाग असतील, तर तिथे तेल मुरणार आणि बुरशी घर करणार. तळाची कड लेपाविना असते. तिथे शाईचा थेंब टाकून पुसावा. पुसला गेला तर माती पक्की भाजली आहे. शाई आत शिरली तर कच्ची. तोंड एवढे रुंद असावे, की हात आत जाऊन तळ घासता येईल. अरुंद तोंडाची बरणी दिसते ऐटदार, पण धुताना जीव काढते.

आकाराची चूक सर्वांत जास्त होते. मोठ्या कुटुंबाच्या आठवणीने पाच किलोची बरणी उचलली जाते आणि घरात माणसे तीन. अर्ध्या रिकाम्या बरणीत हवा जास्त, म्हणून बुरशीची भीती जास्त. दोन किलोच्या दोन घ्याव्यात, आणि रोजच्या वापरासाठी एक लहानसा सट. मोठ्या बरणीला मग रोज हात लावावा लागत नाही.

नवी बरणी घरी आणली, की एक रात्र पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवावी. कागद कोरडा राहिला, म्हणजे काळजी नाही. उकळते पाणी एकदम ओतू नये. चिनी माती तापमानाच्या झटक्याने तडकते. कोमट पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी. निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरीवर ती उपडी धरायची जुनी रीत दिल्लीच्या फ्लॅटमध्येही जमते. लोणचे भरल्यावर तेल फोडींच्या वर बोटभर आले पाहिजे, आणि तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा.

दिल्लीत आले, की या बरणीचा दुसरा उपयोगही शिकून घ्यावा. हिवाळ्यात इथे काळी गाजरे येतात. त्यांचे तुकडे, मोहरीची पूड, मीठ आणि पाणी बरणीत घालून चार-पाच दिवस उन्हात ठेवले, की जांभळ्या रंगाची, नाकाला झणका देणारी कांजी तयार होते. दह्यातल्यासारखेच जिवाणू इथे काम करतात. त्यात वायू धरतो, म्हणून बरणी काठोकाठ भरायची नाही आणि झाकण घट्ट लावायचे नाही. इथेही दादराच बरा. उत्तरेत बरणीला ‘मर्तबान’ म्हणतात. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून जाणारे मोठे लुकणदार रांजण मध्ययुगात दूरदूरच्या बाजारांत प्रसिद्ध होते, त्यावरून हे नाव पडले.

धुराडी थंड झाली

खुर्ज्याचे आजचे दुखणे वेगळे आहे. राजधानीची हवा सुधारण्यासाठी १ जानेवारी २०२३ पासून या साऱ्या क्षेत्रातल्या उद्योगांना कोळसा बंद झाला. खुर्ज्यातले बरेच कारखाने आधीच गॅसकडे वळले होते. त्यांचा माल एकसारखा निघतो, काळे डाग पडत नाहीत, कामगारांच्या छातीत धूरही जात नाही. हे चांगलेच झाले. पण गॅस महाग, आणि नवी भट्टी बांधायला भांडवल लागते. ज्याच्याकडे स्वतःची भट्टी नाही, जो आपला कच्चा माल दुसऱ्याच्या भट्टीत जागा भाड्याने घेऊन भाजतो, त्याच्या हिशेबात प्रत्येक बरणीमागे तो खर्च चढतो. आणि याच खुर्ज्याच्या शिवारात १३२० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र उभे राहिले आहे. वीजकेंद्रांना बंदीतून सूट आहे! कारागिरांना हा न्याय समजावून सांगणे अवघडच.

जड बरणीपेक्षा हलका मग बनवणे त्यामुळे परवडते. मगाला माती कमी, भट्टीत जागा कमी, दिल्ली-मुंबईच्या दुकानांत मागणी भरपूर. दुकानांच्या पुढच्या फळ्यांवर आज मग, कॉफीचे संच आणि कुंड्या आहेत. बरण्या मागच्या खोलीत गेल्या आहेत. विचारले तरच बाहेर काढतात. म्हणून विचारावे. ज्यांना खुर्ज्यापर्यंत जाणे जमत नाही, त्यांना दक्षिण दिल्लीत हौज रानीच्या रस्त्याकडेला खुर्ज्याचा माल मिळतो. पण तिथेही कुंड्यांच्या ढिगामागे बरणी शोधावी लागते.

खुर्ज्याला जायचेच, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. सकाळी लवकर निघून संध्याकाळी परतता येते. बाजारात खुर्चन नावाची मिठाई जरूर घ्यावी. कढईला धरलेली दुधाची साय खरवडून साखरेत घोळलेली. ती दोन दिवसांत संपवावी लागते. परतताना बरणीत आतून कागदाचे बोळे भरावेत, झाकण वेगळे गुंडाळावे, भोवती जुनी चादर लपेटावी आणि रेल्वेत ती बाकाखाली न सरकवता मांडीवरच धरावी.