साखरेतले पाणी

अन्नाच्या किमतीत बियाणे, खत, मजुरी आणि वाहतूक धरली जाते. त्यासाठी खर्ची पडलेले पाणी बहुधा धरले जात नाही. डच शास्त्रज्ञ आर्यन हूकस्ट्रा यांनी २००२ मध्ये हा खर्च मोजण्यासाठी ‘पाण्याची पाऊलखूण’ ही संकल्पना मांडली. महाराष्ट्राच्या बाजारात तिचे सर्वांत ठळक उदाहरण साखरेचे आहे. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबाप्रमाणे राज्यात एक किलो साखरेमागे सुमारे २,००० लिटर सिंचनाचे पाणी लागते.

याचे कारण पिकाच्या स्वभावात आहे. सुरू ऊस बारा महिने, तर आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. अख्खा उन्हाळा त्याला पाण्यावर जगवावे लागते. पाटाने मोकाट पाणी दिले की गरज आणखी वाढते. ठिबकने त्यात मोठी बचत होते. शेवटी शंभर किलो उसातून हाती येते ती जेमतेम दहा-अकरा किलो साखर. लागवडीखालील जमिनीचा चार टक्क्यांच्या आसपास भाग व्यापणारे हे पीक राज्याच्या सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेते, असे आयोगानेच नोंदवले आहे.

या वाटपाची झळ अवर्षणात कळते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पुरवावे लागले. त्याच लातूरच्या परिसरात साखर कारखाने आणि उसाचे मळे आहेत. तरीही दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. उसाला कायद्याने ठरलेला दर आणि ठरलेला खरेदीदार आहे; इतर बहुतेक पिकांना तशी हमी नाही.

ज्वारीचेच पाहावे. सोलापूर, मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीत रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा, दोन्ही तिच्यातून मिळतात. पण रेशनवर पिढ्यान् पिढ्या मुख्यतः गहू-तांदूळच मिळत गेले, शहरी ताटात पोळी रुळली आणि ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. ताट बदलले तसे शिवारही बदलले.

ग्राहकाचा वाटा इथे सुरू होतो. साखर चहाच्या डब्यापुरती उरलेली नाही. बिस्किटे, शीतपेये आणि मिठाई यांतून ती न मोजता घरात येते. टाकून दिलेल्या अन्नाबरोबर ते पिकवणारे पाणीही वाया जाते. गरजेपुरते आणणे, आणलेले संपवणे, गोड बेताने खाणे आणि आठवड्यातून काही जेवणे भाकरीची करणे एवढे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. मात्र एकट्या घराच्या काटकसरीने पीकपद्धती पालटत नाही. ज्वारीला खात्रीची खरेदी, रेशनवर तिला जागा आणि उसाला ठिबकची सक्ती ही कामे शासनाची आहेत. ग्राहकाने ज्वारी विकत घ्यावी आणि शासनाकडे या तीन गोष्टींची मागणीही लावून धरावी.